सरकत्या काठावरची पायवाट

हिंगोली जिल्ह्याला समुद्र नाही. किनारा मात्र आहे. कळमनुरी तालुक्यात धरणाच्या पाण्याला लागून तो दूरवर पसरला आहे, आणि गेली पाच वर्षं त्या किनाऱ्यावर लोकांना हिंडवणं हा माझा व्यवसाय आहे. माझ्या पदाचं अधिकृत नाव बरंच लांबलचक आहे. आमच्या गावी, साखऱ्यात, मी नेमकं काय करते असं कोणी विचारलं, तर वडील एवढंच सांगतात, "ती धरणावर पाखरं दाखवती." प्राणिशास्त्रातल्या पदव्युत्तर पदवीचा याहून नेमका सारांश मला अजून जमलेला नाही.

या कामातली मुख्य अडचण आधी सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच घडलं. समुद्राची भरती-ओहोटी रोजची असते. आज ओसरलेलं पाणी आजच परत येतं. धरणाचा काठ तसा नाही. दिवाळीनंतर कालव्यांना पाणी सुटू लागलं की तो मागे सरकायला लागतो आणि मृगापर्यंत सरकतच राहतो. माघात जिथे बगळे गुडघाभर पाण्यात उभे असतात, तिथे चैत्रात शेळ्या चरतात. त्यामुळे आमच्या पायवाटा कायमच्या आखता येत नाहीत. आम्ही दगडांना चुना फासतो, त्यांच्या रांगा मांडून वाट दाखवतो, आणि पाणी हटलं की तेच दगड उचलून पुढे नेतो. माझे सहकारी सुदामभाऊ हे मूळचे याच पाण्यात जाळं टाकणाऱ्या घरातले. दगड उचलताना ते नेहमी म्हणतात, "ताई, बाकीच्यायच्या वाटा गावाला जातात. आपली वाट पाण्याच्या मागं मागं हिंडून राहिली."

या वाटांवर येणाऱ्या मंडळींविषयी स्वतंत्रपणे लिहिण्याजोगं पुष्कळ आहे. कनेरगाव नाक्यावर धाबा चालवणारे एक गृहस्थ सहकुटुंब आले होते. उतरल्या उतरल्या त्यांनी चौकशी सुरू केली.

"वाघ हाय का?"

"नाही."

"बिबट्या?"

"नाही."

"मंग ही दुर्बीन काहून देऊन राहिले?"

"काका, ज्याला दुर्बीण लागते तेच आमच्याकडे आहे."

ते नाराजीने बसले. मी त्यांना चिखलात चोच खुपसत चालणारा एक पाणलावा दाखवला. त्यांनी दुर्बीण त्याच्या मागोमाग फिरवली. मग दुर्बीण डोळ्यांवरून न काढता बायकोला म्हणाले, "हे तं आपल्या गिऱ्हाइकासारखं हाय. सारं ताट चाचपतं अन् खातं एकच." पक्ष्याच्या वर्तनाचं इतकं अचूक वर्णन प्रशिक्षणवर्गांतही क्वचित ऐकायला मिळतं. आता ते दरवर्षी येतात आणि धाब्यावरच्या लोकांनाही पाठवतात. ती मंडळीही आल्या आल्या वाघाचंच विचारतात.

दुसरा प्रसंग लग्नाआधीची छायाचित्रं काढायला आलेल्या एका जोडप्याचा. त्यांच्या छायाचित्रकाराने मला अत्यंत अदबीने विचारलं, "मॅडम, मी तीन म्हटलं की मागचे सगळे पक्षी एकदम उडवता येतील का?" मी नकार दिला. तो म्हणाला, "मग निदान अर्धे?" नवरदेव भर उन्हात कोट घालून उभा होता. नवरी मात्र चपला काढून एका दगडावर बसली आणि माझ्याकडून दुर्बीण घेऊन पाणकावळ्यांचे वाळत टाकलेले पंख पाहत राहिली. त्या लग्नाचं पुढे काय झालं मला ठाऊक नाही; पण निरीक्षणाची कुवत त्या घरात कोणाकडे आहे, हे मी त्याच दिवशी सांगू शकले असते.

विनोद बाजूला ठेवला, तर 'पक्षी उडवणं' हाच आमच्या व्यवसायातला मूळ प्रश्न आहे. माणूस किती जवळ आला की पक्षी उडतो, याचं एक अंतर असतं. ते जातीनुसार बदलतं, ऋतूनुसार बदलतं आणि माणसाच्या वागण्यानुसारही बदलतं. आमच्या काठावर मला स्पष्ट दिसलेली गोष्ट अशी की, आपल्या कामाने चालत जाणाऱ्या माणसाला पक्षी फारसे भीत नाहीत. थांबून टक लावणाऱ्याला भितात. थांबणं हे त्यांच्या जगात शिकाऱ्याचं लक्षण आहे. म्हणजे गवताचा भारा घेऊन जाणाऱ्या बाईपेक्षा आमचा निसर्गप्रेमी पाहुणा त्यांना अधिक धोक्याचा वाटतो. ही गोष्ट पाहुण्यांना पटवणं कठीण असतं, कारण ते प्रेमाने थांबलेले असतात.

हे सगळं मागच्या उन्हाळ्यात माझ्या अंगावर आलं.

त्या वर्षी पाणी लवकर उतरलं. फाल्गुनातच पाण्यात घुसलेली जमिनीची एक लांब जीभ उघडी पडली. एरवी ती वैशाखाच्या अखेरीला जेमतेम दिसते. जिभेच्या दोन्ही अंगांना काळा, मऊ गाळ होता. मधोमध मुरमाचा एक बुटका, उघडाबोडका उंचवटा. एका सकाळी सुदामभाऊंनी होडी लांब थांबवून मला हाताने खूण केली. उंचवट्यावर नदी सुरय बसले होते. करड्या पाठीचा, काळ्या टोपीचा, पिवळ्याधमक चोचीचा आणि दुभंगलेल्या लांब शेपटीचा हा डौलदार पक्षी आमच्याकडे दिसतो, पण पाण्यावरून उडताना. जमिनीवर बसलेला दिसला, तर त्याला एकच अर्थ असतो. मी दुर्बिणीतून पाहिलं. मुरमात टाचेने केल्यासारखे उथळ खळगे होते आणि त्यांत ठिपक्याठिपक्यांची, खड्यांत खडे मिसळावेत तशी अंडी. आमच्या काठावर सुरयांची वसाहत यापूर्वी कोणी नोंदवलेली नव्हती.

मी महत्त्वाकांक्षी आहे, हे इथेच सांगून टाकते. मुलींबद्दल हा शब्द वापरताना आपल्याकडे आवाज थोडा खाली येतो. मला तो गुणच वाटतो. आमचा प्रकल्प एका लहान संस्थेचा आहे आणि दरवर्षी मिळणाऱ्या मुदतवाढीवर चालतो. त्या चैत्रात तज्ज्ञांची एक समिती पाहणीसाठी येणार होती. या काठाला संरक्षित क्षेत्राचा कायमचा दर्जा द्यावा की नाही, हे ती ठरवणार होती. दर्जा मिळाला असता तर अभ्यासकेंद्र उभं राहिलं असतं, आणि त्या केंद्राचं प्रमुखपद कोणाकडे जाईल याविषयी माझ्या मनात काही संदेह नव्हता. अडचण एवढीच होती की चैत्रात आमचा काठ ओकाबोका असतो. थंडीतली बदकं गेलेली असतात. समितीला दाखवायला काही ठोस हवं होतं, आणि ते आता उंचवट्यावर अंडी उबवत बसलं होतं.

पाहुण्यांसाठी मी ती वाट त्याच आठवड्यात बंद केली. समितीला मात्र लांबूनच, मोठ्या दुर्बिणीतून, थोडा वेळ वसाहत दाखवायची, असं मी ठरवलं. जागा निवडली, सूर्य कुठे असेल याचा अंदाज घेतला आणि खुणेसाठी चुन्याचे चार दगड ठेवले.

दुसऱ्या दिवशी त्या दगडांपाशी केवळाबाई उभ्या होत्या.

केवळाबाई पलीकडच्या तांड्यावरच्या. धरणाचं पाणी उतरलं की तळातली जी जमीन उघडी पडते, ती दरवर्षी थोड्या महिन्यांसाठी कसायला देतात. तिला आमच्याकडे गाळपेर म्हणतात. ज्यांच्या जमिनी धरणात गेल्या, त्यांना आधी. केवळाबाईंच्या सासऱ्यांचं शेत याच पाण्याखाली आहे, आणि ती जीभ व तिच्यावरचा उंचवटा त्यांच्या पट्ट्यात येत होता. मी त्यांना मावशी म्हणते. त्या मला राग आला की म्याडम आणि नसला की पोरी म्हणतात.

"म्याडम, माझ्या वावरात हे पांढरे दगड काहून?"

"मावशी, उद्या उचलते. खुणेला ठेवले होते."

"उद्या न्हाई, आज उचल. परवा ट्रॅक्टर येऊन राहिला. सारा पट्टा एका दमात वखरून घ्यायचा अन् खरबूज टाकायचं."

"सारा पट्टा?"

"मंग अर्धा ठिवू का तुज्यासाठी?"

साखऱ्यात वाढल्याने मला एक रीत चांगली माहीत होती. आमच्याकडे औत हाकताना टिटवीची अंडी दिसली तर शेतकरी तेवढा तुकडा सोडून औत वळवतो. टिटवी उंचावर अंडी घालते की सखल जागी, यावरून तो पावसाचा अदमास बांधतो. या समजुतीला पुरावा नाही, पण अंडी मात्र त्यामुळे वाचतात. मी तोच आधार घेतला.

"मावशी, टिटवीचा खोपा असला तर तुमी सोडता न्हाई का? तसा तो उंचवटा सोडा. तिथं पाखरांनी अंडी घातली."

"टिटवीचं येगळं हाय," त्या लगेच म्हणाल्या. "टिटवी पावसाचं सांगती. हे पाखरू काय सांगतं?"

हो म्हणणं अगदी सोपं होतं. सुरयही पावसाचं सांगतात, एवढं वाक्य मी टाकलं असतं तर ट्रॅक्टर तिथेच वळला असता. पण पुढच्या वर्षी पाऊस वेळेवर आला नसता, तर त्याचा जाब पक्ष्यांना द्यावा लागला असता.

"काहीच न्हाई सांगत," मी म्हणाले.

त्या हसल्या. "मंग? फुकटात कशी राहू देऊ?"

मग हसू ओसरलं आणि खरी गोष्ट बाहेर आली. त्यांच्या माहेराकडे एका तलावाच्या गाळपेरीत कधीतरी कोणा पाहुण्यांना दुर्मीळ पाखरं दिसली होती. कागद निघाले, कुंपणाची काटेरी तार आली, आणि पट्टे बंद झाले. त्यांच्या भावाचा पट्टा त्यांत होता.

"पाखरू दिसलं की माणूस उठतो, पोरी. तुजे सायेब येऊन राहिले न् चैतात? सुदाम सांगत होता. ते पाहतील, लिहितील, अन् आमाला म्हणतील, व्हा बाजूला. ही जिमीन एकदा पाण्यानं नेली. आता दर साली चार महिने वापस देती. ते चार महिने मी पाखराला देऊ?"

"म्हणून परवाच ट्रॅक्टर?"

"म्हणून परवाच. नांगरल्या जागी कोन अंडी शोधतं?"

त्यांची योजना अतिशय तर्कशुद्ध होती, हे मला मान्य करावं लागलं. समितीआधी वसाहत नाहीशी झाली, तर त्यांच्या पट्ट्यावरचा धोकाही नाहीसा होणार होता.

कायदा माझ्या बाजूने होता. वन्य पक्ष्याची अंडी नष्ट करणं गुन्हा आहे, आणि ते एका वाक्यात सांगून मी तिथून निघू शकले असते. ते वाक्य माझ्या जिभेवर आलंही होतं. मी ते बोलले नाही, आणि याचं कारण दया नव्हतं, हिशोब होता. धमकीने या वर्षीची अंडी वाचली असती. पुढच्या वर्षी मात्र पाणी उतरता क्षणी त्या उंचवट्यावर शेळ्या बसवल्या गेल्या असत्या, आणि पक्षी खाली उतरलेच नसते. काठावरच्या कोणत्याही पट्ट्यातलं कोणतंही घरटं आम्हाला त्यानंतर कोणी दाखवलं नसतं. आमच्या सगळ्या नोंदी शेवटी या लोकांच्या सांगण्यावर उभ्या आहेत. एका ऋतूसाठी मी पुढचे सगळे ऋतू घालवले असते.

मी खाली बसले. त्याही बसल्या.

"मावशी, उंचवट्यावर तसंही मुरूमच हाय. खरबूज तिथं काय जोर धरणार? तेवढा सोडा. बाकी गाळ तुमचा. मी तिथं कोणालाच आणणार न्हाई. सायबांनाबी न्हाई. जागाबी सांगणार न्हाई."

"तुज्या तोंडाचा भरोसा काय?"

"काहीच न्हाई. पण उंचवटा तुमच्याच ताब्यात हाय. मी शब्द मोडला, तर दुसऱ्या दिवशी औत फिरवा."

"लई शाणी हायेस," त्या म्हणाल्या. कौतुकाचा सूर नव्हता. "तुला काय भेटणार यातून?"

"सध्या तरी काहीच न्हाई."

"मंग शाणी कशाची."

तरी त्या उठल्या आणि पट्ट्याच्या कडेला उभ्या असलेल्या नवऱ्याकडे, धनसिंगकाकांकडे गेल्या. दोघं आपसांत गोरमाटीत बोलली. मला ती बोली येत नाही. 'ट्रॅक्टर' हा शब्द वारंवार ऐकू आला आणि दर वेळी काकांचा आवाज चढत गेला. अडचण खरी होती. ट्रॅक्टरला वळायला जागा लागते. मधला तुकडा सोडायचा तर बैलांचं औतच हवं, म्हणजे एका सकाळचं काम चार दिवसांवर जाणार. शेवटी काका माझ्याजवळून जाताना मराठीत, मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "पाखरापायी बैलाला तकलीफ. बैल काय अंडे घालत न्हाई म्हणून का?"

पुढचे चार दिवस मी लांबून पाहत होते. बैल उंचवट्याशी आले की काका कासरा ओढत, औत उचलत आणि तोंडाने अखंड कुरकुरत वळसा घेत. सुरय सुरुवातीला उठले, घिरट्या घालून ओरडले, आणि बैलजोडी पुढे सरकताच पुन्हा बसले. तिसऱ्या दिवशी त्यांतले बरेचसे उठलेही नाहीत.

समिती चैत्रात आली. अध्यक्ष एक वयस्कर, सडसडीत गृहस्थ होते. गळ्यातली दुर्बीण माझ्या वयापेक्षा जुनी असावी. सोबत दोन सदस्य. त्यांतले तरुण सदस्य बोलण्यात चोख होते आणि उन्हाने लवकर वैतागत होते. मी त्यांना पश्चिमेच्या वाटेने नेलं. चित्रबलाक होते, चमच्यासारख्या चोचीचे चमचे होते, शेकाट्या होत्या, पाणकावळे होते. पण सगळे मोजके. काठ नेहमीसारखाच ओकाबोका होता.

तरुण सदस्य म्हणाले, "मॅडम, तुमच्या प्रस्तावातल्या वर्णनाच्या मानाने पक्षी कमीच वाटतात."

"चैत्रात कमीच असतात," मी म्हणाले. "वर्णन पौषातलं आहे."

अध्यक्ष पाण्याकडे पाहत होते. एक सुरय पाण्यावर घिरटी घालून सूर मारून वर आला. चोचीत चांदीसारखा मासा. त्याने तो गिळला नाही. मासा तसाच धरून तो सरळ पूर्वेकडे गेला. थोड्या वेळाने दुसरा गेला, मग तिसरा. तिन्ही एकाच दिशेने.

अध्यक्षांनी दुर्बीण खाली घेतली. "हे मासे घेऊन कुठे जातात?"

सुदामभाऊ माझ्या मागे उभे होते. त्यांनी चुन्याची बादली या हातातून त्या हातात घेतली, एवढं मला जाणवलं.

नव्याने निघालेली पिलं असल्याशिवाय सुरय मासा असा वाहून नेत नाही, किंवा मग जोडीदार अंड्यांवर बसलेला असतो. हे त्यांना माहीत होतं, आणि मला माहीत आहे हेही त्यांना माहीत होतं. प्रश्न पक्ष्यांविषयी नव्हताच.

"पिलांकडे जातात," मी म्हणाले. "पिलं कुठे आहेत, ते मी आज सांगणार नाही."

तरुण सदस्यांनी टोपी काढली. "म्हणजे? वसाहत आहे इथे?"

"आहे."

"आणि आम्ही ती पाहिली, तर तुमच्या प्रस्तावाचं वजन वाढेल, हे तुम्हाला कळतं?" अध्यक्षांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. परीक्षेतली शांतता होती.

"कळतं."

"मग?"

मी सांगितलं. जागा एका कुटुंबाच्या गाळपेरीत आहे. त्यांनी तेवढा तुकडा माझ्या शब्दावर न नांगरता सोडला आहे. अहवालात त्या जागेचा उल्लेख आला, तर पहिली शिफारस तिथली शेती थांबवण्याची होईल. आणि तसं झालं, तर पुढच्या वर्षी एकही अंडं पडण्याआधी उंचवटा साफ केलेला असेल, फक्त त्यांच्याच पट्ट्यातला नव्हे, प्रत्येक पट्ट्यातला.

"आमच्या अहवालात काय येईल, याची तुम्हाला फार खात्री दिसते."

"असे बरेच अहवाल मी वाचले आहेत, सर."

तरुण सदस्य मध्येच म्हणाले, "पण मॅडम, माहिती दडवणं शास्त्रात बसतं का?"

प्रश्न रास्त होता, आणि तो मी स्वतःला आधी अनेकदा विचारला होता. "दडवत नाही, सर. पिलं उडून गेली की सगळ्या नोंदी पाठवीन. वसाहत आहे हे आजच सांगितलं. फक्त पत्ता राखून ठेवते आहे. रुग्णाची नोंद आपण छापतो, त्याचं घर छापत नाही."

त्यांनी टोपी पुन्हा घातली. पटलं म्हणून की ऊन वाढलं म्हणून, ते सांगता येणार नाही. अध्यक्षांनी आणखी एक सुरय पूर्वेकडे जाताना पाहिला. त्याच्यामागे त्यांची दुर्बीण गेली आणि मध्येच, मला वाटतं मुद्दामच, थांबली. जिभेवरची खरबुजाची हिरवी रांग तिथून फार लांब नव्हती.

"पिलं उडाली की कळवा," ते म्हणाले आणि गाडीकडे चालू लागले.

सुदामभाऊंनी नंतर बादली खाली ठेवली. "ताई, आता काय होईल?"

"मुदतवाढ मिळेल. एक वर्षाची."

"अन् ते मोठं केंद्र?"

"ते न्हाई मिळणार."

माझा अंदाज बरोबर ठरला. उन्हाळ्याच्या शेवटी कळलं की अधिक नोंदींची आवश्यकता असल्याने दर्जाचा निर्णय पुढे ढकलला आहे आणि प्रकल्पाला एका वर्षाची मुदतवाढ देण्यात येत आहे. त्याच फेरीत दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका तळ्याला दर्जा मिळाला. तिथल्या केंद्राची प्रमुख माझी वर्गमैत्रीण आहे. मी तिला फोन करून मनापासून अभिनंदन केलं आणि त्या दिवशी जेवले नाही. निर्णय चुकला असं मला वाटत नाही. पण त्याची किंमत शून्य होती, असं लिहिणं खोटेपणाचं होईल. या पौषात मी पुन्हा नव्याने प्रस्ताव लिहायला घेतला, आणि त्यात गाळपेर करणाऱ्या कुटुंबांना शेतीवर ठेवूनच घरट्यांचं रक्षण कसं करता येईल, याचा एक नवा भाग घातला आहे. तो मंजूर होईल की नाही, याचा अंदाज मात्र मला अजून बांधता येत नाही.

त्या निकालाच्या बऱ्याच आधी, समिती जाऊन दोनेक आठवडे झाले होते तेव्हा, केवळाबाईंनी मला बोलावणं धाडलं होतं. सुदामभाऊ निरोप घेऊन आले, "एकटीलाच ये म्हणाली. मला बी न्हाई म्हणाली."

निरोप ऐकून माझ्या मनात पहिली आली ती भीती. उन्हाचा कडाका वाढला होता. सुरयाची पिलं निघाल्यावर थोड्याच दिवसांत खळग्यातून बाहेर पडतात आणि मुरमावर हिंडू लागतात. त्या उंचवट्यावर गवताची काडीही नव्हती. अशा उन्हात सावली नसेल तर अख्खी वसाहत एका दुपारीत संपू शकते. मी अंडी वाचवण्याची बोलणी केली होती. पिलांना सावली कुठून मिळणार, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

मी गेले तेव्हा केवळाबाई वेलांमध्ये वाकून काम करत होत्या. खरबुजाने गाळ व्यापून टाकला होता. लहान लहान फळं धरली होती. त्यांनी मला हाताने बाजूला घेतलं आणि पुढे चालत राहिल्या. वेल चारी बाजूंनी उंचवट्याच्या कडेपर्यंत चढले होते. उंचवटा रिकामा होता. एकही पिलू दिसेना.

"मावशी, गेली का सगळी?"

"वर काय पाहून राहिली? खाली पाहय."

मी पाहिलं. कडेच्या रुंद पानांखाली, ओलसर सावलीत, मुरमाच्याच रंगाचे बारीक गोळे बसले होते. एक, त्याच्या पलीकडे आणखी दोन, मग पुढच्या वेलाखाली चार. चोची अर्धवट उघड्या, गळे धडधडत होते. एक सुरय खाली उतरला, पानाशेजारी उभा राहिला. आतून एक चोच बाहेर आली आणि मासा घेऊन परत आत गेली.

आम्ही दोघी वळसा घालून मागे आलो. उंचवट्याला सगळ्यात जवळ पसरलेल्या एका वेलाकडे केवळाबाईंनी खुरप्याने बोट दाखवावं तसं दाखवलं. तो सर्वांत मोठा होता, पानांनी गच्च. पण त्याला एकही फळ नव्हतं.

"ह्यो पाहय. नुस्ताच वाढून राहिला. सारं पानी पितो अन् फळ धरायचं नाव न्हाई. परवाच उपटणार होते."

"मग?"

"मग काय?" खुरपं कमरेला खोचत त्या म्हणाल्या. "खाली बिऱ्हाड हाय."